बक्षिसी कोणत्या खात्यात?

ज्या गावात मनुष्य बारशापासून तेराव्यापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या हातावर काहीतरी ठेवीतच असतो, त्या गावावर, केवळ हाटेलात चहा आणून देणाऱ्यास तेथे कोणी टिप देत नाही एवढ्या पुराव्यावर, कृपणतेचा आरोप ठेवावा हा मला न्यायाचा शुद्ध विपर्यास वाटतो. परंतु आमच्या मोहगावावर, म्हणजे सौसर तालुक्यातील मोहगाव हवेलीवर, हा आरोप नागपुराहून अर्धनारीश्वराच्या दर्शनास येणाऱ्या आमच्याच आप्तांकडून वर्षानुवर्षे होत आला आहे. बडीशेपेच्या तबकडीत नोट दुमडून ठेवण्याचा आणि ती ठेवताना आपण ठेवतो आहोत हे शेजारच्या टेबलास कळेल अशा बेताने ठेवण्याचा या मंडळींना उत्तम सराव असतो. आणि दर्शन झाल्यावर आलूबोंडा खाता खाता, खानपानाच्या व्यवसायातील सेवकवर्गास टिप देणे ही सार्वत्रिक रूढी झाली पाहिजे, असे प्रतिपादन ते मजजवळ करतात. आलूबोंड्याचे पैसे, अर्थात, यजमान या नात्याने मी देतो.

वास्तविक आमच्या देण्याची यादी करू गेल्यास पटवाऱ्याचे दप्तर अपुरे पडेल. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळणाऱ्या मेव्हण्यास द्यावे लागते, व कान जितका जोराने पिळावा तितकी रक्कम चढते. वाजंत्र्यांवरून ओवाळून टाकावे लागते. गायगोधनाच्या दिवशी नाचत येणाऱ्या गोवाऱ्यांना द्यावे लागते. दिवाळीला पोस्तासाठी उभ्या राहणाऱ्या पोस्टमनला तर, वर्षभर त्याने आणलेली सर्व पत्रे वसुलीचीच असली तरी, हसतमुखाने द्यावे लागते. कचेरीतील शिपायास जे द्यावे लागते त्याची गणना मी येथे करीत नाही, कारण तो विषय निराळ्या कलमाखाली येतो. आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे पोळ्याचा बोजारा. तोरण तुटले, की सालगडी झूल घातलेली, शिंगे रंगविलेली जोडी घेऊन दारोदार येतो, घरची बाई बैलांचे पाय धुऊन त्यांना ओवाळते, आणि गड्याच्या हातावर बोजारा पडतो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला त्याचीच मुले लाकडी नंदी ओढीत येतात आणि बापापेक्षा अधिक चिकाटीने वसुली करतात.

या सर्व देण्यांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की घेणारा कोण, कोणाचा, कोणत्या आळीतला, हे देणाऱ्यास पक्के ठाऊक असते. अनोळखी बैलास बोजारा दिल्याचे उदाहरण मला तरी माहीत नाही. टिपेचे नेमके याच्या उलट आहे. ती ज्यास द्यावयाची त्याचे नाव ठाऊक नसणे ही तिची पहिली अट होय. नागपुरातील मोठ्या उपाहारगृहात तो गणवेशधारी पुरुष पाठीमागे हात बांधून उभा राहतो तेव्हा आपण त्यास जे देतो ते औदार्याने देतो की भयाने, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेलो नाही. परंतु तो माझा विद्यार्थी असता तर मी एक पैसाही दिला नसता, एवढे निश्चित.

येथे तर तो विद्यार्थीच असतो. बाजारचौकातील ज्या हाटेलात माझे नित्याचे खाते आहे तेथे चहा आणून देणाऱ्या गृहस्थास मी एके काळी एकोणतीसच्या पाढ्यासाठी बाकावर उभे केले आहे. त्याच्या वडिलांनी आमच्या संत्र्याच्या बागेत आळी केली आहेत. त्याच्या सोयरिकीत मध्यस्थ मी होतो. अशा माणसाच्या बशीखाली दहा रुपये सरकवून निघून जाणे म्हणजे, एवढ्या सगळ्या इतिहासाची फारकत दहा रुपयांत लिहून देण्यासारखेच झाले. तरीही एका पाहुण्याच्या समाधानासाठी मी तो प्रयोग केला.

परिणाम महिनाअखेरीस दिसला. मालकाने वही उघडली. डावीकडे माझ्या नावे चहा, चहा, आलूबोंडा, चहा अशी ती परिचित मालिका होती, आणि उजवीकडे, पूर्वी कधीही नसलेल्या ठिकाणी, सुवाच्य अक्षरांत ‘जमा १०’.

“बशीखाली सापडले होते जी गुरुजी,” मालक म्हणाला. “लगेच लिवून घेतले. असे पैसे सोडून नोका जात जाऊ.”

ते बक्षीस होते, असे मी सांगितले. मालक प्रामाणिक माणूस, त्याने पेन्सिल कानामागून काढली आणि विचारले, “मग आता लिवू कोण्या खात्यात?” हा प्रश्न सोपा नव्हता. माझ्या जमेस ते राहिले तर ते बक्षीस नव्हे. विक्रीत धरले तर विकलेला जिन्नस दाखवावा लागेल. आणि नोकराच्या नावे मांडले, तर त्याने घेतलेल्या उचलीत ते वळते होऊन शेवटी मालकाच्याच गल्ल्यात यावयाचे. आम्ही तिघांनी पुष्कळ खल केला. कीर्द-खतावणीची ही पद्धत ज्या कोणी घातली त्याने गिऱ्हाईक कारणाशिवाय पैसे देईल ही शक्यता गृहीतच धरली नव्हती.

पाहुणे अमेरिकेचा दाखला देतात. तो दाखला मी काळजीपूर्वक तपासला आहे. तेथील केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळविणाऱ्या नोकरास मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर रोख द्यावे, हा दर १९९१ पासून तसाच आहे. किमान वेतनाच्या ७.२५ डॉलरपर्यंतची उरलेली तूट टिपेतून भरून निघावी अशी अपेक्षा, आणि न निघाली तर ती मालकाने भरावी. म्हणजे ज्यास आपण बक्षिसी समजतो तो तेथे पगाराचाच एक हप्ता असून, त्याची वसुली मालकाने गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविली आहे. त्याच देशात १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिप हा गुन्हा ठरविला होता आणि आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले होते; १९२६ पर्यंत ते सर्व कायदे नामशेष झाले. आपल्याकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांनी गिऱ्हाइकाच्या विवेकाची वाट न पाहता सेवाशुल्क बिलातच जोडण्याचा प्रघात पाडला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली त्यास मनाई केली, आणि मालकांच्या संघटनांनी दाद मागितली असता दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम केली. हे वृत्त वाचून निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माझ्यासारख्यास जे समाधान झाले ते आलूबोंड्यानेही होत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की रूढी हुकमाने पाडता अथवा मोडता येते. आमच्या जिल्ह्याचे ठिकाण पांढुर्णा; तेथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहून परस्परांवर गोटे फेकतात. या गोटमारीत माणसे दगावली आहेत, शेकडो जायबंदी झाली आहेत. सरकारने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही पुरवून पाहिले. लोक पुन्हा दगडांकडे वळले. जेथे डोके फुटण्याची रूढी सरकारास मोडता आली नाही, तेथे खिशात हात घालण्याची रूढी ठरावाने कशी पडणार? शिवाय तो ठराव हिंदीत लिहावा लागेल. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून आमचे अर्ज हिंदीत आणि भांडणे मराठीत चालतात.

तथापि आहे त्याच रूढीत एक माणूस वाढविणे अशक्य नाही, असे मला वाटले. आणि पुढच्या पोळ्यापासून हाटेलातील माणसानेही गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन बोजारा घ्यावा, अशी सूचना मी हाटेलातच मांडली. मालकास ती अत्यंत पसंत पडली, कारण तीत त्याचा खर्च काहीच नव्हता. मात्र ज्याच्या हितासाठी ती होती तो फडके खांद्यावर टाकून शांतपणे म्हणाला, “बैल कोठून आणू जी?”

लाकडी नंदी चालेल, असे मी म्हटले. पन्नाशीला आलेल्या माणसाने तान्ह्या पोळ्याचा नंदी ओढणे त्याला प्रशस्त वाटले नाही; त्याने थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ गल्ल्याकडे पाहिले, आणि त्यापरीस गुरुजी, मालकाले सांगून पगारच थोडा वाढवून देता का, म्हणून विचारले.

“पोळा तं होऊ दे,” मालक म्हणाला, “मंग पाहू.” कोणत्या सालचा पोळा, ते त्याने सांगितले नाही.