पोराकडे जाऊन येतो: व्हिसाचा पहिला धडा

पोरगं अमेरिकेत नोकरीला लागलं आणि "आई-बाबा, या ना" असा फोन आला, की मुकुटबनच्या माणसाने सर्वांत आधी एक पथ्य पाळावं: कोणालाच सांगू नये. सांगितलं की टपरीवर तीन तज्ज्ञ सापडतात, आणि तिघांनीही पैनगंगेपल्याडच्या आदिलाबादपुढे पाय टाकलेला नसतो.

पासपोर्टसाठी आपलं कार्यालय नागपूरला. चौकशीला पोलीस घरी आले तर आपण घाबरू नये. पथ्य मोडून शेजाऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवावं. नाव मात्र सगळीकडे एकच हवं. आधारवर भाऊराव, सातबाऱ्यावर भाऊजी आणि बँकेत भाऊ, असे तीन इसम एका तिकिटावर जात नाहीत.

आता खरा विषय, बी-१/बी-२ व्हिसा. फी १८५ डॉलर. व्हिसा मिळो न मिळो, ती परत येत नाही. अर्जाचं नाव डीएस-१६०. तो इंग्रजीत असतो, म्हणून पोरगंच तिकडून भरतं. पण मुलाखतीला उभं आपल्याला राहायचं असतं, तेव्हा त्याने काय भरलं ते वाचून घ्या. बाप किती शिकला हे पुष्कळ पोरांना ठाऊक नसतं. दहशतवादी कारवाया करायचा विचार आहे का, असंही त्यात गंभीरपणे विचारलेलं असतं. हसू नये. जमात कोणती, हाही एक प्रश्न आहे. झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम-गोंड माणसाने खरं ते लिहावं. पडताळणी प्रमाणपत्र जोडावं लागत नाही, एवढाच काय तो दिलासा. फोटो चष्मा काढून.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रात. मोबाइल आत नेता येत नाही. मराठीत बोलायची सोय आहे, तेव्हा पाठ केलेलं इंग्रजी घरी ठेवा.

त्यांच्या कायद्यात २१४(ब) म्हणून एक कलम आहे. त्यानुसार काचेपलीकडचा अधिकारी तुम्हाला कायमचं राहायला निघालेला माणूसच समजतो. तसं नाही, हे पटवून द्यायचं तुम्ही. ज्याला लेकीकडे वणीला दुसऱ्या रात्री झोप लागत नाही, त्याने हे सिद्ध करायचं! त्यासाठी लोक सातबारा, आठ-अ, कापसाच्या पट्ट्या, एफडीच्या पावत्या अशी जाडजूड फाइल नेतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न नसतं. त्याची भरपाई झेरॉक्सने करतात. अधिकारी बहुधा ती फाइल उघडतही नाही. दोन-चार प्रश्न विचारतो आणि मोकळा होतो. पोराचा पगार किती, हे त्याने विचारल्याशिवाय सांगू नका; त्याला तुमच्या परतीत रस आहे. "मृग लागायच्या आत यायचं आहे, नाहीतर पेरणी कोण करेल?" हे उत्तर खरं असेल तर फाइलपेक्षा वजनदार. नकार आलाच तर हातात चिठ्ठी मिळते. पुन्हा अर्ज करता येतो, फीसुद्धा पुन्हा.

व्हिसा बहुतेकदा दहा वर्षांचा मिळतो, आणि इथेच नवशिका फसतो. ती मुदत त्यांच्या दारापर्यंत जायची. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. उतरल्यावर पोराला ती ऑनलाइन काढायला लावा, आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलंच ठेवा.