सेल्फ घेत नाही

सॉसेजला पार्ट नंबर असलेलं गाव जगात बहुधा एकच असेल, आणि मी त्या गावात राहते. फोक्सवॅगनच्या कारखान्यात, कँटीनसाठी, 1973 पासून करीवुर्स्टचं सॉसेज तयार होतं. कंपनीच्या दप्तरी त्याचा क्रमांक 199 398 500 ए असा, वायपर आणि क्लचप्लेटच्या पंगतीत लागलेला आहे. काही वर्षी तर कारखान्यातून गाड्या कमी आणि सॉसेजेस जास्त बाहेर पडली आहेत.

आमच्या वोल्फ्सबुर्गचा जन्मच गाडीपायी झाला. 1 जुलै 1938 ला नाझी राजवटीने गाव वसवलं तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. 'फालर्सलेबेनजवळचं केडीएफ गाडीचं शहर' असं, पोस्टमनला खूण सांगावी तसं, काहीतरी लावून दिलं होतं. 1945 मध्ये जवळच्या जुन्या गढीचं नाव उचललं आणि वोल्फ्सबुर्ग झालं. मिटेललांड कालव्याच्या काठावर वीजघराची चार धुराडी उभी आहेत, ती जवळजवळ सगळ्या गावातून दिसतात. इथे नव्या माणसाला 'नोकरी कुठे' असं फारसं कुणी विचारत नाही. कुठल्या हॉलमध्ये, एवढंच विचारतात.

अशा गावात, जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी साडेआठ वाजता, उणे आठ तापमानात, माझ्या गाडीने सेल्फ घ्यायला नकार दिला. किल्ली फिरवली की टकटकटक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणून बंद. डिकीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण, मागच्या सीटवर तिळगुळाचे डबे, अंगावर काळी पैठणी आणि तिच्यावर गुडघ्यापर्यंतचं जाकीट. ब्राउनश्वाइगला तीसेक किलोमीटरवर बायका वाट बघत होत्या. त्यातून गाडी सेकंडहँड आणि परगोत्री. म्हणजे गावातल्या कारखान्यातली नव्हे. कुठली ते सांगत नाही, पण नंबरप्लेटवर गावचं 'वॉब' मिरवणारी परकी गाडी या गावात बंद पडते तेव्हा आजूबाजूच्या खिडक्यांत एक प्रकारचं समाधान पसरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नवरा चाकणला गेलेला. चाकणलाही याच कंपनीचा कारखाना आहे, 2009 पासून. तेव्हापासून वोल्फ्सबुर्गात पोह्यांची आणि चाकणमध्ये जर्मन साहेबांची ये-जा सुरू झाली. मी फोन लावला. तिकडे दुपारचा एक वाजलेला, रविवारचं जेवण आटोपलेलं.

"धक्का मार," नवरा म्हणाला.

"ऑटोमॅटिक आहे."

"अरे हो." आणि शांतता. ऑटोमॅटिक गाडीला धक्क्याने काही होत नाही. चाकं कितीही फिरली तरी ती इंजिनाला जुंपली जात नाहीत. दुसऱ्या गेअरला टाकून, चार पोरं मागे लावून, क्लच झटकन सोडण्याची आपली जी राष्ट्रीय विद्या आहे ती या गाड्यांनी एका पिढीत मारून टाकली.

एवढ्यात सासऱ्यांनी फोन काढून घेतला. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात मिक्सर जरी अडला तरी ते आधी आवाज ऐकतात.

"फोन बॉनेटजवळ धर आणि किल्ली फिरव."

टकटकटक.

"बॅटरी उतरली. सेल्फ चांगला आहे. चोवीस व्होल्ट का बारा?"

"बाबा, कार आहे. बस नाही."

"मग बारा. पॉइंटवर पांढरी बुरशी आहे का? असली तर गरम पाणी ओत."

बुरशी नव्हती. होती ती नुसती थंडी. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. उणे अठराच्या आसपास तर तिच्याकडून निम्मीच ताकद मिळते. आणि नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणून ते फिरवायला जास्त जोर लागतो. पगार अर्धा आणि खर्च दुप्पट, अशी महिनाअखेर. त्यात माझी गाडी रोज शाळा आणि दुकान एवढीच धावणार. एवढ्याशा अंतरात अल्टरनेटर काय भरून काढणार?

"कुणाकडून तरी करंट घे," बाबा म्हणाले आणि फोन चालूच ठेवला.

जर्मनीत यासाठी एडीएसी नावाची संस्था आहे. 1903 मध्ये स्थापन झालेली, सभासद दोन कोटींहून जास्त, आणि तिच्या पिवळ्या गाड्यांतून येणाऱ्या माणसांना लोक 'पिवळे देवदूत' म्हणतात. त्यांना येणाऱ्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पहिला नंबर बॅटरीचाच. पण आम्ही सभासद नव्हतो. केबल विकत आणावी, तर रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद.

आम्ही राहतो त्या डेटमेरोडेत उंच इमारती आहेत आणि त्यांत कारखान्याच्या पिढ्या एकावर एक रचलेल्या आहेत. बॉनेट उघडून उभं राहिलं की माणसं खाली येतात. जर्मन माणूस आगंतुक बोलत नाही म्हणतात, ते उघड्या बॉनेटपर्यंतच खरं. पहिला आला तो समोरच्या जिन्यातला तरुण. सॉफ्टवेअरमध्ये आहे, इलेक्ट्रिक गाडी चालवतो. त्याच्या गाडीच्या पोटात एवढी मोठी बॅटरी की आमचं घर काही दिवस चाललं असतं. मी आशेने बघितलं. त्याने मान हलवली. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की हिच्यावरून दुसऱ्या गाडीला चालना देऊ नका. वर त्याने एक गंमत सांगितली. त्याच्या गाडीतही तीच बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

दुसरा आला इटालियन शेजारी. 1962 पासून इटालियन कामगार मोठ्या संख्येने या कारखान्यात आले, त्यात त्याचे वडील कालाब्रियाहून आलेले. त्याने शब्दही न बोलता आपली पेट्रोल गाडी आणून माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. केबल मात्र त्याच्याकडे नव्हती. वाहनांच्या या राजधानीत तीन माणसं, तीन गाड्या, आणि केबल कुणाकडेच नाही.

ती होती तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे. हयात कारखान्यात गेलेली. त्यांनी तळघरातून एक डबा आणला, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर 'चालना-केबल', खाली खरेदीचं वर्ष. आधी त्यांनी इटालियनला गाडी दोन वीत मागे घ्यायला लावली. दोन गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकता कामा नयेत. मग चष्मा लावला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं किल्ली हवी असेल. नाही, गाडीचं माहितीपुस्तक हवं होतं. उणे आठात, तोंडातून वाफा काढत, आजोबांनी संबंधित पान मोठ्याने वाचलं. सगळे स्तब्ध उभे. सत्यनारायणाच्या कथेलासुद्धा आमच्याकडे इतकी शांतता नसते.

"काय म्हणतोय तो?" फोनमधून बाबा.

मी कॅमेरा सुरू करून फोन वायपरला टेकवला. चाकणच्या फ्लॅटमधलं एक टक्कल आणि डेटमेरोडेतली एक लोकरी टोपी समोरासमोर आली. दोघांना एकमेकांची भाषा शून्य कळत होती. आजोबांनी लाल चिमटा वर धरला, बाबांनी अंगठा दाखवला. लाल माझ्या बॅटरीच्या प्लसला. लालचं दुसरं टोक इटालियनच्या प्लसला. अंगठा. काळा इटालियनच्या मायनसला. अंगठा. शेवटचा काळा चिमटा घेऊन आजोबा माझ्या बॅटरीला बगल देऊन निघाले आणि इंजिनाच्या एका उघड्या लोखंडी बोल्टाकडे वळले.

"ए! तिकडे कुठे चाललाय? मायनसला लाव म्हणावं!"

आवाज चढला की भाषेची गरज संपते. आजोबा थांबले. त्यांनी बॅटरीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी 'बुम' अशी खूण केली. मी दुभाष्याचं काम केलं: बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब पाडायची.

बाबा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. डेपोत एकाच्या भुवया गेल्या होत्या. आम्ही म्हणायचो, त्याचं नशीब."

अंगठा.

इटालियनने गाडी सुरू केली. आता काही मिनिटं थांबायचं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक बाई डोकावल्या. गाडी उभी करून विनाकारण इंजिन चालू ठेवणं जर्मनीत नियमबाह्य आहे, आणि तो नियम पाठ असलेली एक तरी खिडकी प्रत्येक इमारतीला असते. आजोबांनी नुसती केबल उंचावून दाखवली. खिडकी बंद झाली.

थांबण्याच्या वेळात आजोबा बोलके झाले. 1945 मध्ये हा कारखाना बॉम्बनी बराच मोडून पडला होता आणि गाव ब्रिटिशांच्या ताब्यात आलं होतं. आयव्हन हर्स्ट नावाचा एक ब्रिटिश मेजर आला. त्याने कारखाना सुरू करायचं मनावर घेतलं आणि ब्रिटिश लष्कराने वीस हजार गाड्यांची ऑर्डर दिली. कालच्या शत्रूच्या करंटवर सगळा कारखाना सुरू झाला. आज गावात त्या मेजरच्या नावाचा रस्ता आहे. आजोबांचा मुद्दा असा, की या गावात चालना घ्यायला लाजू नये. मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वीस हजारांची ऑर्डर आधी मिळाली तर कुणीही सुरू करेल." हे मी भाषांतरित केलं नाही.

मग किल्ली. टक... घर्र... आणि इंजिनाने दणक्यात सेल्फ घेतला. पार्किंगात टाळ्या पडल्या. आजोबांनी वाजवल्या नाहीत. त्यांचं पान अजून संपलं नव्हतं. केबल काढण्याआधी मला पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावायला सांगितलं, कारण केबल सुटताना विजेचा दाब एकदम उसळतो आणि गाडीतल्या नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू दगावतात. मग काढणं उलट्या क्रमाने: बोल्टाचा काळा आधी, शेवटी माझ्या प्लसचा लाल. पुस्तक बंद करून, दोन्ही हातांनी मला परत.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ बसला, त्याआधी गाडी पुढून हँडल मारून सुरू करायची. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. सेल्फ आला आणि बायकांना गाडी एकटीने नेणं सोपं झालं. पैठणी नेसून हँडल मारण्याची वेळ माझ्यावर आली नाही, याबद्दल केटरिंगचे आभार.

इंजिन चालू ठेवूनच मी तिळगुळाचा डबा उघडला. इटालियनने एक वडी तोंडात टाकली आणि डोळेच मोठे केले. कालाब्रियात नाताळला तीळ आणि मधाची 'जुर्जुलेना' करतात, म्हणे थेट अशीच. त्याने आणखी तीन घेतल्या. आजोबांनी आधी घटक विचारले, मग खाल्ली. निघताना बजावलं: किमान अर्धा तास गाडी बंद करायची नाही, रेडिओ नको, सीटचा हीटर तर मुळीच नको. मी गारठत ब्राउनश्वाइगला पोचले. हळदीकुंकवाला सगळ्यांत उशिरा आलेली, पण सगळ्यांत मोठी बातमी घेऊन आलेली.

सोमवारी केबल विकत घेतली. या देशात केबललाही प्रमाण आहे, डीआयएन 72553, आणि जाडी बघून घ्यायची असते. बाबांनी सांगितलं, "पंचवीस चौरस मिलिमीटरची घे, बारीक घेऊ नकोस, बारीक वायर नुसती तापते." दुकानातल्या माणसानेही नेमकं हेच सांगितलं, फक्त बराच वेळ घेऊन. आता ती डिकीत असते आणि पार्किंगमध्ये कुणाची टकटक ऐकू येते का, याकडे माझा कान असतो.

तेव्हा डेटमेरोडेच्या बाजूला कुणाची बॅटरी उतरलीच तर संकोच न करता बेल वाजवा. केबल माझी, पुस्तकवाचन आजोबांचं, तांत्रिक सल्ला बाबांचा, तोही व्हिडिओवर. फक्त बाबांची दुपारी एक ते चार ही वेळ टाळा. त्या रविवारची झोप गेली, ते अजून ऐकवतात. हिवाळ्यात ती वेळ म्हणजे जर्मनीतली सकाळची साडेआठ ते साडेअकरा.