आधी काय गेलं?

ट्रेसराव तुमच्या ऑफिसातही असणार. नाव वेगळं असेल एवढंच. फोनची तक्रार घेऊन गेलात की हे गृहस्थ ‘बसा’ म्हणत नाहीत. विचारतात, “आधी काय गेलं?”

“अहो, बोलता बोलता फोन कट होतोय!”

“ते शेवटी. आधी काय गेलं?”

मग वहीत दोन उभ्या रेघा. डावीकडे एक्स्चेंज, उजवीकडे कॉम्प्युटरमधला सॉफ्टफोन, मध्ये निरोपांचे बाण. इन्व्हाइट गेला, 100 ट्राइंग आला, 180 रिंगिंग आला, 200 ओके आला, मग ॲक, म्हणजे ओके मिळाल्याची पोच, गेला. हे निरोप ठरवून देणाऱ्या जून 2002 च्या आरएफसी 3261 या नियमावलीच्या प्रिंटआउटला ते पोथीसारखं बासनात बांधत नाहीत, हेच नवल. जुन्या पीआरआय लाइनचा विषय निघाला तर सेटअप, कॉल प्रोसीडिंग, अलर्टिंग, कनेक्ट. तेही डोळे मिटून.

हे ऑफिसपुरतं असतं तरी चाललं असतं. एका लग्नात अंतरपाट सरायच्या आधीच फोटोग्राफरने हारांचा फोटो उरकून घेतला, तर हे मुलीच्या मामांना गाठून म्हणाले, “सीक्वेन्स चुकलाय.” डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? यांनी आधी काय खाल्लं, मग काय प्यायलं, आणि कळ कितव्या मिनिटाला आली, ते सेकंदांसकट सांगितलं. दुखतंय कुठे, ते राहिलंच.

आणि मग ते 32 सेकंदांचं प्रकरण आलं. बाहेरून आलेला प्रत्येक कॉल उचलला की नीट चालायचा आणि 32 व्या सेकंदाला तुटायचा. एक्स्चेंजवाले म्हणत, दोष सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअरवाले म्हणत, एक्स्चेंजचा. दोघांचं एकमत फक्त आमचं नेटवर्क भिकार आहे यावर. चर्चेसाठी लावलेला कॉन्फरन्स कॉलही 32 व्या सेकंदाला तुटला. सगळे हताश, ट्रेसराव खूश! “सगळ्यांचा 32 लाच तुटतो ना? मग आजार एकच.”

नेटवर्कवरचे निरोप दाखवणारं वायरशार्क उघडून बसले. फोन उचलल्यावर सॉफ्टफोन 200 ओके पाठवत होता. पण त्यात स्वतःचा पत्ता राउटरच्या आतला, 192.168 वाला, देत होता. एक्स्चेंज ॲक पाठवायचं त्याच पत्त्यावर, म्हणजे कुठेच नाही. सॉफ्टफोन बिचारा अर्ध्या सेकंदाने, एका, दोन, मग चार-चार सेकंदांनी तेच ओके पुन्हा पाठवी आणि 32 सेकंद वाट पाहून फोन ठेवून देई. “आमची ही जेवायला हाक मारते तसंच,” ट्रेसराव म्हणाले, “मी ‘आलो’ म्हटलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही.”

सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता घातला. कॉल टिकले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आभाराची मेल काढली, दोन्ही कंपन्यांच्या नावाने. ट्रेसराव सीसीत. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “ॲक दुसऱ्याच पत्त्यावर गेला.” हसले नाहीत. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा आवडला. अजूनही कबूल करायला जड जातं.

तुमच्याकडच्या ट्रेसरावांकडे जाताना एवढं करा. कुणी कुणाला फोन लावला, किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी, ते लिहून न्या. आणि फोन सुरळीत झाला की परत जाऊन तेवढं सांगून या.