खुलासा छापून आणण्याची प्राथमिक कृती

तुम्ही ग्रामपंचायत सदस्य. सकाळी पेपर उघडला तर पहिल्याच पानावर 'टाकी फुटली', आणि खाली ठेकेदार म्हणून तुमचं नाव. अशा वेळी लगेच फोन उचलू नये. आधी चहा घ्यावा. सकाळी सातला तालुका प्रतिनिधी 'बघतो' एवढंच म्हणतो, आणि परत झोपतो.

मथळ्यावरून त्याला झापण्यातही अर्थ नाही. मथळा देतो डेस्कवरचा उपसंपादक. रात्री उशिरा, उरलेल्या जागेत मावेल तेवढ्या अक्षरांत. 'टाकीच्या दुरुस्तीस विलंब' दोन ओळी खातं, 'टाकी फुटली' एका ओळीत बसतं. म्हणून टाकी फुटते.

तक्रार लेखीच करावी, आणि संपादकाच्या नावे. हे नाव शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतं. 'सदर बातमी खोडसाळ व निराधार असून' ही सुरुवात नवशिक्यांना फार आवडते, ती टाळावी. तारीख, आवृत्ती, पान, चुकलेलं वाक्य, त्याखाली बरोबर वाक्य, सोबत कामाच्या आदेशाची प्रत. कात्रण जोडताना तारीख कात्रीखाली जाऊ देऊ नये. आणि गेल्या महिन्यातल्या सत्काराच्या बातमीत तुमचं नाव न येता 'आदी मान्यवर' आलं, तो राग याच पत्रात काढू नये. ती चूक नव्हे. तो पत्रकाराचा निर्णय होता.

संपादकाने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत जावं लागतं. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला पेपरला समज देता येते, ताकीद देता येते, नापसंती कळवता येते. दंड करता येत नाही. टीव्हीवाल्यांना तर तेवढंही नाही. वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत.

खुलासा छापून येतो तो आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी. तो शोधत असतानाच प्रतिनिधीचा फोन येईल: "दादा, खुलासा लावला बरं का. १५ ऑगस्टची जाहिरात तेवढी बघा की." चिडू नये. त्याचं घर बातमीच्या मानधनावर नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. दिलीत तर मजकूर स्वतः टाइप करून द्यावा, आणि नावामागे कुणी 'माजी' लावलं नाही ना, हे छपाईआधी पाहून घ्यावं.