वाढत्या अंगाचं घर

आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर मोकळं अंगण आणि कोवळं कुत्रं लागलं, तर पुढे काय होणार हे कुणीही सांगितलं असतं. आमच्या हिने सांगितलंही होतं. "गोणपाट टाका पडवीत, झोपेल," एवढंच तिचं म्हणणं. पण गोणपाटाचा आराखडा काढता येत नाही. मी आलेखाची वही काढली, कंपासपेटी काढली आणि गुंड्यासाठी लाकडी घराचा संकल्प सोडला.

कुत्र्याच्या घराचं एक शास्त्र आहे आणि ते थंड देशांत जन्मलेलं आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत पाव हिस्सा मिळवला की घराची लांबी. डोक्यापर्यंतच्या उंचीत तेवढाच मिळवला की घराची उंची. दार खांद्याच्या उंचीच्या पाऊणपट तरी हवं. घर मुद्दाम आटोपशीर ठेवायचं, म्हणजे कुत्र्याच्या अंगाच्याच उबेने ते उबदार राहतं. चिपळुणात मे महिन्यात कुणाला ऊब कमी पडल्याचं ऐकिवात नाही. पण समोर सूत्र आलं की मला राहवत नाही.

माप घेताना गुंड्याने माझी परीक्षा घेतली. उभा असला तर टेप बघून बसायचा, बसला की लवंडायचा आणि पोट खाजवून घ्यायला चारी पाय वर करायचा. त्या अवस्थेतली उंचीसुद्धा मी वहीत नोंदवली. शेवटी हिने चपातीचा तुकडा त्याच्या नाकापुढे धरला. मी मागे शेपटीचं मूळ शोधत होतो, तेवढ्यात चपातीबरोबर टेपचे पहिले सहा इंचही त्याच्या तोंडात गेले. उरलेल्या टेपवर पहिला आकडा सात होता. येणाऱ्या मापातून सहा वजा करायचे, अशी टीप मी समासात लिहिली. ते वजा केले की मिळवले, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत.

मग लाकूड. पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर पॅकिंगच्या पाइनचा आग्रह धरला. परदेशातून माल येतो त्या लाकडी पॅलेटच्या फळ्या स्वस्त मिळतात, हे खरं. पण त्यांच्यावरचा शिक्का वाचावा लागतो. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि असं लाकूड चावऱ्या प्राण्याजवळ नको. लोट्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे मी प्रत्येक फळीवर चष्मा टेकवून शिक्के वाचत हिंडलो. त्याला मी सरकारी तपासणीस वाटलो. त्याने चहा पाजला आणि फळ्या विकायच्या नाहीत म्हणून सांगितलं.

आमच्या मिस्त्रींचं मत सागवानाचं होतं, घनफुटाचा भाव ऐकेपर्यंत माझंही होतं. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लागतो आणि आमच्याकडचा तीन हजार मिलिमीटरचा पाऊस त्याला सोसत नाही. ऐन दणकट, पण ते उचलणार कोण? अखेर फणस ठरला. रंगाने पिवळाधमक, वाळवी सहसा वाटेला जात नाही, शिवाय तंजावरची वीणा याच लाकडाची करतात. पहाटे चारला गुंड्या जो सूर लावतो तो लक्षात घेता ही निवड मला फारच समर्पक वाटली.

छपराला पत्रा घातला तर पावसात आत ताशा वाजणार, म्हणून मी मंगलोरी कौलं सुचवली. 1865 साली बासल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना कसा काढला, हेही मिस्त्रींना समजावलं. ते रंधा मारत राहिले. दाराची दिशा पूर्व. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून मारतो, म्हणून. शेजारच्या काकांनी त्याला वास्तुशास्त्र म्हटलं आणि ईशान्येला पाण्याचं भांडं ठेवायला लावलं.

आता माप फुगलं कसं ते सांगतो. कुत्रं वाढतं आहे म्हणून मी सूत्राच्या वर थोडं वाढवलं. वही नेऊन देताना हिने मिस्त्रींना हळूच सांगितलं, "जरा सैल ठेवा हो, अजून लहान आहे तो." आणि मिस्त्री तर पोरांचे गणवेश शिवणाऱ्या टेलरचे सख्खे भाऊ. त्यांनी आपणहून आणखी सूट धरली. "काय वो गुरुजी, परत परत कोण करणार? वाढत्या अंगाचं केलंय," असं म्हणत त्यांनी छोट्या हत्तीतून जे उतरवलं, त्यात वासरू सुखाने राहिलं असतं. जांभ्याच्या चिऱ्यांवर ते बसवायला चार माणसं लागली. कौलांमुळे लांबून ते आमचं आउटहाउस वाटे.

कुत्री चाटतात, चावतात म्हणून रंग दिला नाही; कच्चं जवसाचं तेल लावलं. गुंड्याने पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचं तेल चाटून काढलं आणि आत जायला साफ नकार दिला. बिस्किटं झाली, जुना सदरा झाला. मग प्रात्यक्षिकाशिवाय विद्यार्थ्याला समजत नाही, या जुन्या अनुभवावर मी स्वतः रांगत आत गेलो. जागा प्रशस्त होती, हवा खेळती होती. फक्त वळता येत नव्हतं. दार पावसाचा झोत चुकावा म्हणून एका कडेला काढलेलं, त्यामुळे उलटं येताना माझे पाय ते चुकवत होते. तेवढ्यात काका आले. "गुरुजी घरात आहेत का?"

"आहेत," ही म्हणाली, "पण कुत्र्याच्या."

दोघांनी एकेक पाय धरून मला बाहेर काढलं. दूधवालाही बघत उभा होता. त्याने घराभोवती फेरी मारली, दारात डोकावला आणि विचारलं, "रात्री कुत्रा बाहेर? मागल्या रानात वाघरू फिरतंय ना." बिबट्याचा विचार माझ्या वहीत कुठेच नव्हता. वास्तविक मला ठाऊक असायला हवं होतं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. आणि मी एकच दार असलेली, फणसाची, हवेशीर पंगत मांडून ठेवली होती.

त्या रात्रीपासून गुंड्या माझ्या खाटेखाली झोपतो, गोणपाटावर. अंगणातलं घर मात्र वाया गेलेलं नाही. मिस्त्री आता नवी गिऱ्हाइकं घेऊन नमुना दाखवायला येतात. परवा गुहागरचं एक जोडपं आलं होतं. बाईंनी कौलांचं फार कौतुक केलं आणि विचारलं, "कुत्रा रमला ना हो घरात?"

"रमला म्हणजे?" मी म्हटलं. "बाहेर यायलाच तयार नाही!"

कुठल्या घरातून, ते त्यांनी विचारलं नाही. मिस्त्रींना त्यांनी आगाऊ रक्कम दिली आणि म्हणाल्या, आमचाही अजून लहान आहे, जरा वाढत्या अंगाचं करा.