कोडातला वारसा

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मला. आता तो विद्यापीठांच्या भिंतींवर इमारतींची वंशावळ सांगतो. कोडात इतिहास नसतो, बहुधा नुसता वेबपानाचा पत्ता असतो. चौकोन तीस टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येईल, अशी सोय त्यात करता येते. पण संकेतस्थळाच्या नूतनीकरणात ते पानच गडप झाले, तर इलाज नाही. विद्यापीठाच्या अहवालात ‘डिजिटल वारसा’ मात्र शाबूत राहतो. याउलट, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव त्याला मिळाले, ही गोष्ट शतकभर नेटवर्कविना टिकली. कोड जरूर लावावा. शेजारी चार ओळींची साधी पाटीही लावावी.