प्रवासी पाळण्याचा लातूर पॅटर्न

पहिलं बाळंतपण माहेरी, हा मराठवाड्यातला अलिखित कायदा आहे. त्याचं एक उपकलम असं की, माहेरचे दिवस भरले की लेकरू आणि त्याची आई सासरी पोचती करायची. माहेर नांदेडचं आणि सासर लातूरचं असेल, तर लोहा, अहमदपूर, चाकूर असा सुमारे १४० किलोमीटरांचा तो लेकराचा पहिला अधिकृत दौरा ठरतो. दौऱ्यावरच्या व्यक्तीचं वजन चार-पाच किलो आणि तिच्या सामानाला मात्र वेगळी गाडी लागेल असा एकंदर थाट असतो. अलीकडे या सामानात एका नव्या वस्तूची भर पडली आहे : घडी घालून पिशवीत मावणारा, मुक्कामी पोचल्यावर उलगडायचा आणि आईच्या पलंगाला खेटून लावायचा पाळणा. त्याची एक बाजू खाली सोडता येते, त्यामुळे रात्री पाजायला आईला उठून खोलीभर चालावं लागत नाही. कल्पना उत्तम आहे. आईच्या खोलीत, पण आईच्या अंथरुणात नाही, अशीच जागा बालरोगतज्ज्ञही लहान बाळासाठी सुचवतात. प्रश्न एवढाच की, पाळणा निवडायचा कसा. कारण या विषयावर घरातल्या सात माणसांची आठ मतं असतात. त्यासाठी हे मार्गदर्शन. सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.

सर्वांत आधी गुणदानाची पद्धत समजून घ्यावी. लातूरकरांना ती फार उलगडून सांगावी लागणार नाही. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याला एक कापला जातो आणि सोडून दिलेल्या प्रश्नाला काहीच कापत नाहीत. पाळण्याच्या परीक्षेत नियम याहून कडक आहे. इथे गुण मिळतात ते फक्त रिकाम्या जागेचे. उशी, झालर, गोधडी, लोंबतं खेळणं, जे काही आत घालाल त्याचे गुण कापले जातात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली ज्या शिफारशी नव्याने मांडल्या, त्यांचा मथितार्थ हाच आहे : बाळ उताणं झोपवा, पृष्ठभाग घट्ट आणि सपाट असू द्या, त्यावर ताणून बसवलेली चादर घाला आणि तिथेच थांबा. यामागचं कारण शरीररचनेत आहे. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. नाकापुढे मऊ कापड आलं, तर मान वळवून सुटका करून घेण्याची ताकद त्याच्यात नसते. मग ते स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं. थोडक्यात, पाळणा निवडणं म्हणजे वजाबाकी करणं, आणि आपण तर लेकराच्या बाबतीत बेरजेशिवाय दुसरं काही शिकलेलो नाही.

ही शिस्त घेऊन बाजारात उतरावं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्याने गेलात तरी दुकानदार एकच वाक्य ऐकवेल : ‘यात बघा ना, सगळं आहे.’ हे वाक्य कानावर पडताच ग्राहकाने सावध व्हावं. मऊ झालर, जोडउशी, डोक्याकडची बाजू उंच करण्याची कळ, वर लोंबणारे पोपट, ही सगळी किंमत वाढवणारी आणि गुण कापणारी वस्तुमाला आहे. ‘उंच बाजूला लेकरू लगेच झोपतंय’ हे प्रमाणपत्र तर मुळीच स्वीकारू नये. फिशर-प्राइस या नामांकित कंपनीचा उतरता झुलता बिछाना अमेरिकेत याच गुणावर खपला. त्यात झोपलेल्या बाळांचे मृत्यू पुढे आल्यावर एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख नग परत मागवावे लागले. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला : दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेला बाळाचा बिछाना विकायचा नाही आणि कठड्याला बांधायच्या फुगीर झालरीही विकायच्या नाहीत. बाळाला झोप लागणं आणि बाळ सुरक्षित झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुकानात पाच मिनिटांत दाखवता येते. दुसरीसाठी लेबल वाचावं लागतं, आणि ते दुकानदाराला नको असतं.

दुकानात करायच्या चाचण्या सोप्या आहेत. गादीवर तळहात दाबावा. हाताचा ठसा उमटून राहिला, तर ती गादी पाहुण्यांना द्यावी. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटं सहज जात असतील, तर त्या फटीत जे जाऊ नये तेही जाईल. गज असतील तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरांच्या आतच हवं. जाळी असेल तर बारीक आणि ताणलेली हवी. घडीचा सांधा ‘खट्’ वाजून पक्का बसला पाहिजे आणि पाळणा हलवल्यावर तसाच राहिला पाहिजे. खोळ काढून एका बादलीत धुता आली पाहिजे; ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या शहरात या अटीवर कोणी वाद घालू नये. राहिली भारचाचणी. ती आपल्या पूर्वजांनीच करून ठेवली आहे. बारशाला लेकराआधी सजवलेला वरवंटा पाळण्यात घालतात, त्यामागचा धार्मिक अर्थ जाणकारांनी सांगावा. अभियांत्रिकी अर्थ उघड आहे. जो पाळणा वरवंट्याने कुरकुरतो, त्यात बाळ घालू नये. चाचणी संपल्यावर वरवंटा आठवणीने बाहेर काढावा.

आता खरी अडचण. हा पाळणा पलंगाला जोडायचा, असं माहितीपत्रक सांगतं. पण बाळंतीण पलंगावर असतेच असं नाही. कुठे लोखंडी कॉट असते, कुठे दिवाण, कुठे जमिनीवरची गादी आणि कुठे थेट बाज. बाजेला मधोमध झोळ असतो. तिच्यावर आई आणि लेकरू दोघंही मध्याकडे घरंगळतात, म्हणून लेकराला वेगळी जागा हवी हे तर ठरलंच. पण पाळण्याचा पट्टा पलीकडच्या कडेला गादीखालून आवळायचा असतो आणि सुतळीच्या विणीवर तो बसत नाही. पट्टा सैल राहिला की दोन्हींच्या मध्ये फट पडते, आणि अशा पाळण्यातला सर्वांत घातक भाग ही फटच असते. म्हणून नियम असा : दोन्ही गाद्या एका पातळीत येत नसतील किंवा पट्टा आवळता येत नसेल, तर चौथी बाजू वर करून कडी लावावी आणि पाळणा बाजेशेजारी हातभर अंतरावर स्वतंत्र उभा करावा. तसा उभा करता येतो की नाही, हे विकत घेण्याआधीच विचारावं. बाजेखाली शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी चालू असेल, तर पाळणा त्या खोलीतच नको. नायलॉनच्या जाळीला निखारा मानवत नाही आणि धूर तर कोणाच्याच फुप्फुसाला मानवत नाही. कूलरची वायर, पडद्याची दोरी आणि लेकराच्या गळ्यातला काळा दोरा यांनाही पाळण्यापासून लांब ठेवावं. दृष्टीच्या बंदोबस्तासाठी तळपायाची तीट पुरेशी आहे. तीट गळ्याभोवती अडकत नाही.

पाळणा प्रवासी आहे, याचा अर्थ तो प्रवासात वापरायचा आहे असा नव्हे. चालत्या गाडीत तो घडी घालून डिकीत बसतो आणि लेकरू दुसरीकडे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेलं कलम १९४ ब सांगतं की, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर हजार रुपये दंड. मागच्या सीटवर पाळणा उलगडून त्यात लेकरू ठेवणं म्हणजे ब्रेक लागताच दोघांनाही पुढे धाडणं. आणि बालआसनातलं झोपलेलं लेकरू घरी पोचल्यावर ‘उठेल म्हणून’ तसंच ठेवू नये. तिथेही हनुवटी छातीवर येते. रेल्वेने मात्र एकदा खराच प्रवासी पाळणा करून पाहिला. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेले, घडीचे छोटे बाळबर्थ प्रायोगिक तत्त्वावर बसवण्यात आले. बर्थ भिंतीला खिळलेला असतो, म्हणून ते जमू शकलं. नांदेडहून मुंबईला निघालेल्या गाडीत आपला घरचा पाळणा सीटला सुतळीने बांधणं हा त्याच प्रयोगाचा पुढचा टप्पा आहे, असं कोणी समजू नये.

इथवर आलं की आक्षेप सुरू होतात, आणि त्यांना उत्तर देणं मार्गदर्शकाचं कर्तव्य आहे. पहिला आक्षेप सर्वांत भारदस्त : ‘आमचे सगळे लेकरं झोळीत वाढले, काय झालं का?’ हा आक्षेप घेणारे सगळे जगलेले आहेत, हीच त्यातली मेख. १९७१ साली देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. ही घट प्रामुख्याने लसी, दवाखाने आणि पाणी यांची आहे, झोळी सोडल्याची नव्हे. पण जी गेली, त्यातली कोणती कशाने गेली याची नोंद घरोघरी कुठे होती? शिवाय झोळीला एक अदृश्य सुटा भाग असायचा : दोरी हातात धरून बसलेली आजी. दिवसाढवळ्या, जागत्या नजरेसमोर झोळी चालायची ती तिच्यामुळे. रात्री सगळं घर झोपल्यावर झोळीतलं बाळ कमानीसारखं वाकून, हनुवटी छातीला लावून एकटं असतं. रात्रीसाठी वस्तू अशी हवी, जी आजी झोपली तरी चालेल.

दुसरा आक्षेप : ‘उताणं ठेवलं की दूध उलटून ठसका लागेल.’ भीती साहजिक आहे, पण रचना उलट आहे. उताण्या स्थितीत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं झोपवल्यावर तोच उतार होतो. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. तिसरा आक्षेप : ‘डोकं चपटं होईल, मोहरीची उशी पाहिजेच.’ डोक्याचा आकार जागेपणी सुधारावा. दिवसा लेकरू जागं असताना, कोणी समोर बसून, थोडा वेळ पालथं घालावं. मानही बळकट होते. मोहरी फोडणीला वापरावी. चौथा आक्षेप थंडीचा. डिसेंबरात लातूरला रात्री गार असतात, हे मान्य. त्यासाठी अंगातलं झबलं एकाने वाढवावं, गोधडी नव्हे. खोलीत झोपताना कुंची आणि टोपडंही काढावं, कारण बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटेच सोडतं. राहता राहिले डास. त्यांच्यासाठी पाळण्याच्या मापाची, बाहेरून ताणून बसणारी मच्छरदाणी घ्यावी. सैल मच्छरदाणी म्हणजे नाव बदललेली झालर.

एवढं करून सुरक्षित ठरलेला पाळणा दिसायला अगदी दरिद्री दिसतो, आणि बघायला आलेल्या मावश्या हळहळतात. त्यांनी आणलेली दुपटी, उशा, मऊ अस्वलं कृतज्ञतेने स्वीकारून कपाटात मांडावीत. आहेर नाकारणं हा या पुस्तिकेचा हेतू नाही. मात्र वजाबाकीची शेवटची पायरी चुकवू नये, आणि ती म्हणजे खुद्द पाळणाच वजा करणं. लेकरू कुशीवर वळू लागलं, हात टेकून उठू पाहू लागलं किंवा लेबलवरची वजनाची मर्यादा आली, की पाळण्याचा कार्यकाळ संपला. बहुतेक घरांत हे पाच-सहा महिन्यांतच होतं. पैसे वसूल झाले नाहीत म्हणून मुदतवाढ देऊ नये. धड असेल तर तो त्याच्या मूळ गादीसह आणि माहितीपत्रकासह पुढच्या भावजयीकडे जावा. सांध्याची कडी तुटली असेल, जाळी फाटली असेल, तर तारेने बांधून, रफू करून पुढे पाठवण्याची आपली थोर परंपरा कूलरच्या स्टँडपुरती राखून ठेवावी आणि पाळणा भंगारवाल्याला द्यावा. तोसुद्धा मोडून, म्हणजे वाटेत कोणी तो दुरुस्त करणार नाही.